मदत हवी आहे: भाची मोटर मेकॅनिक झाली, पण गाडीला हातच लावू देत नाहीत

नमस्कार मंडळी,

माझ्या भावाची मुलगी आयटीआय पास झाली. ट्रेड मेकॅनिक मोटर व्हेइकल, दोन वर्षांचा. गाव सांगली जिल्ह्यात. दहावीनंतर घरचे सगळे कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) घे म्हणत होते, पण ती हट्टाने इकडे आली आणि मन लावून शिकली. सुट्टीत माझ्याकडे आली की आमच्या गाडीचे ब्रेक पॅड तीच बदलते.

सध्या ती एका मोठ्या डीलरच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस आहे. करारात ट्रेड मेकॅनिकचाच आहे, पण पहिले काही दिवस सोडले तर तिला पुढच्या टेबलावरच बसवलंय. जॉबकार्ड भरायचं, गाडी तयार झाली की गिऱ्हाइकाला फोन करायचा. तिच्याच बॅचची मुलं मात्र आत क्लच, सस्पेन्शन उघडतायत. तिने विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "एसीत बसायला मिळतंय, तुला त्रास काय आहे? आत जोराची कामं असतात."

जोराचं म्हणाल तर छोट्या गाडीचे चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतात. अर्धा मीटर लांबीच्या दांड्यावर तो जोर वीसेक किलो होतो. गावाकडे मुली विहिरीवरून पाणी आणतात तेव्हा हा हिशेब कुणी काढत नाही. जाम झालेल्या नटाला मुलंही पान्याला पाईप लावतात किंवा हवेची गन वापरतात, आणि गिअरबॉक्स उतरवायला जॅक सगळ्यांनाच लागतो. पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात बायका गाड्या जोडतात. मग वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच्या जागेवर मुलगी का चालत नाही?

मला खरी काळजी पुढची आहे. ही अप्रेंटिसशिप टेबलावरच संपली तर उद्या मुलाखतीत "इंजिन किती उघडलीस?" या प्रश्नाला ती काय सांगणार? चाकातला आवाज बेअरिंगचा की सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा), हे कान तयार झाल्याशिवाय कळत नाही, आणि कान गाडीपाशीच तयार होतो.

कृपया सांगा: करार मध्येच सोडावा का? सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यात मुलींना मनापासून शिकवणारं गॅरेज कुणाला माहीत आहे का? पुण्यात ती माझ्याकडे राहू शकते. वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष गाड्यांवर काम केलेल्या कुणी ताई इथे असतील तर त्यांचा अनुभव नक्की लिहा, तो तिला वाचून दाखवेन.

प्रतिसाद – जुना फोरमन

ताई, करार सोडू नका. अप्रेंटिस हा कायद्याने प्रशिक्षणार्थी असतो. ज्या ट्रेडचा करार, त्या ट्रेडचं काम शिकवणं मालकावर बंधनकारक आहे. जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात (अप्रेंटिसचं काम बघणारं सरकारी केंद्र) लेखी अर्ज द्या. त्याआधी मॅनेजरना एक साधं पत्र द्या आणि पोच घ्या. रोज काय काम दिलं ते तिने तारखेसह वहीत लिहावं, अर्जाला तीच वही जोडता येईल.

गॅरेजचं म्हणाल तर दोन्हीकडचं शिक्षण वेगळं. डीलरकडे बिघाड शोधणारा स्कॅनर, नवीन गाड्या आणि कंपनीची पद्धत शिकायला मिळते, पण बरेचदा आख्खा भाग बदलतात. छोट्या गॅरेजात गिऱ्हाइकाला पैसे वाचवायचे असतात, म्हणून इंजिन उघडावंच लागतं. आधी ही अप्रेंटिसशिप पूर्ण करू दे, मग वर्षभर चांगल्या मिस्त्रीच्या हाताखाली घाला. आणि गॅरेज बघायला जाल तेव्हा बाथरूम आहे का, संध्याकाळी किती वाजता सुटतात, हे आधी विचारा. मी काम केलं तिथे मुली टिकल्या नाहीत त्या या दोन गोष्टींमुळे. कामामुळे एकही गेली नाही.

प्रतिसाद – ईव्हीवाली, पिंपरी

मी इलेक्ट्रिक गाड्यांवर काम करते. तिला सांगा, ही लाइन जरूर बघ. नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. आधी सर्व्हिस प्लग (बॅटरीचा हाय व्होल्टेज प्रवाह तोडणारा) काढायचा, कंपनीने सांगितलेला वेळ थांबायचं, मीटरने शून्य बघायचं, मगच हात. इथे शिस्त मोठी, घाईवाल्याचं काम नाही. इन्सुलेटेड हातमोजे मात्र स्वतःच्या मापाचेच मागायचे. मोठे हातमोजे घालून पाना निसटतो, आणि मापाचे नाहीत म्हणून काम नाही हे ऐकून घ्यायचं नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवायचं, केस टोपीत.

अजून एक. कुणी वेडंवाकडं बोललं, वागलं तर गप्प बसू नकोस म्हणावं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली तर २०१३च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून छोट्या गॅरेजसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वही तिने आजपासून सुरू केली. मॅनेजरना द्यायच्या पत्राचा मसुदा उद्या इथे टाकते. फोरमनकाका, भाषा फार कडक होत असेल तर सांगाल का? तिला तिथेच शिकायचं आहे, भांडण नको आहे.