लॉगिन फॉर्मची मांडणी बदलायची आहे, सल्ला हवा

तासगावची बाग: आमच्या बेदाणा शीतगृहाचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे. शेतकरी आपल्या मालाची नोंद पाहण्यासाठी तेथे लॉगिन करतात. बहुतेक जण मोबाइलवरून येतात आणि अनेकांनी साठी ओलांडली आहे. वर्डप्रेसच्या बोधचिन्हाऐवजी आमचे असावे, अक्षरे मोठी व मराठीत असावीत आणि पासवर्ड विसरल्यास काय करावे हे चटकन दिसावे, एवढीच अपेक्षा आहे. खर्च २,००० रुपयांच्या आत बसवायचा आहे.

मिरजकर: स्वस्तात करू नका. आमच्या पतसंस्थेने ६०,००० रुपये देऊन डावीकडे कृष्णेच्या घाटाचे छायाचित्र आणि उजवीकडे फॉर्म अशी मांडणी करून घेतली; सभासद आजही कौतुक करतात.

कृष्णाकाठ: मोबाइलच्या अरुंद पडद्यावर असे दोन भाग शेजारी मावत नाहीत, आधी छायाचित्र येते आणि फॉर्म खाली ढकलला जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्डप्रेसच्या मूळ फाइलला हात लावू देऊ नका. आमचे काम ज्यांना दिले होते त्यांनी लॉगिनची मूळ फाइलच बदलली आणि पुढच्या अपडेटबरोबर सारे पुसले गेले. चाइल्ड थीममधून (मूळ थीमवर बेतलेली, आपले बदल वेगळे ठेवणारी थीम) 'लॉगिन_एन्क्यू_स्क्रिप्ट्स' या हुकला, म्हणजे आपला कोड जोडण्यासाठी वर्डप्रेसने ठेवलेल्या जागेला, स्वतंत्र सीएसएस (पानाचे रूप ठरवणारी फाइल) जोडावी. बोधचिन्हाची मूळ जागा ८४ पिक्सेल चौरस असते, त्यामुळे आडवे चिन्ह लावताना रुंदीही बदलावी लागते.

मिरजकर: घाटाचे छायाचित्र मोबाइलवर दिसत नाही, तशी सोय आम्ही करून घेतली आहे.

विश्रामबाग: मूळ फाइल बदलू नये, हेच मीही सांगणार होतो. मी दरवर्षी पैसे भरून प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचे तयार सॉफ्टवेअर) वापरतो आणि पूर्ण समाधानी आहे.

साताऱ्याची सून: रकान्याचे नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरांत लिहू नका, कारण टंकायला लागताच ते नाहीसे होते आणि माझे सासरे तेथेच अडखळतात. नाव रकान्याच्या वर, ठळक असावे. रकान्यातील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवल्यास आयफोनवर पान आपोआप मोठे होऊन सरकते. पासवर्ड पेस्ट करण्याची सोयही बंद करू नये.

तासगावची बाग: सर्वांचे आभार. सेटिंगमध्ये भाषा मराठी केल्यावर लॉगिनचे पानही मराठीत आले, त्यासाठी काही खर्च झाला नाही. पासवर्ड बदलण्याचा दुवा ईमेलवर जातो आणि आमच्या निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांना ईमेल उघडताच येत नाही, ही खरी अडचण आहे. म्हणून छायाचित्र, प्लगइन आणि बोधचिन्ह तिन्ही वगळून 'लॉगिन_मेसेज' या फिल्टरने (लॉगिनच्या पानावर आपला मजकूर घालण्याची वर्डप्रेसमधील सोय) फॉर्मच्या वर शीतगृहाचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत देत आहे. पुतण्या बीसीए करतो आहे, तोच हे काम चाइल्ड थीममधून करील.

मिरजकर: बोधचिन्ह तरी लावा, त्याशिवाय संस्थेवर विश्वास बसत नाही.