पीएस२ मॉड करून जुने गेम खेळणं म्हणजे चोरी? माझ्या मते नाही. शिव्या घालायच्या तर पूर्ण वाचून घाला

खेळगडी_८८ (धागाकर्ता)

तर झालं असं की भावाने घर बदललं आणि सामान हलवताना माझा जुना पीएस२ (प्लेस्टेशन २, सोनीचं टीव्हीला लावायचं गेमचं मशीन) सापडला. स्लिम, काळा, वर चहाच्या कपाचा गोल डाग तसाच. बाबांनी २००६ च्या दिवाळी बोनसमधून घेऊन दिलेला. टीव्हीला लावला, चालू झाला, आणि ते खांब पण उभे राहिले!! (ज्यांनी वापरलाय त्यांना कळेल, सुरुवातीच्या अंधारात जे खांब दिसतात ते मेमरी कार्डवरच्या हिस्ट्रीवरून बनतात, जो गेम जास्त वेळा खेळलात त्याचा खांब उंच.) मग डिस्क टाकली. खर्र खर्र, खर्र खर्र, आणि लाल स्क्रीन. दुसरी टाकली, परत लाल. लेन्स गेली. रिपेअरवाला म्हणे नवी लेन्स मिळत नाही, जुन्या मशीनमधली काढून घालतो पण गॅरंटी मागू नका.

मग मॉड केलं, म्हणजे मशीनवर कंपनीचं नसलेलं सॉफ्टवेअर चालवलं. एका मित्राने फ्री मॅकबूट (त्यासाठीचा प्रोग्रॅम) टाकलेलं मेमरी कार्ड दिलं. मशीन उघडायचं नाही, सोल्डरिंग नाही, कार्ड स्लॉटमध्ये घालायचं बस. सोनीने कार्डवरून सिस्टिम अपडेट करायची जी वाट ठेवली होती त्याच वाटेने हे आत शिरतं. त्यात ओपीएल म्हणजे ओपन पीएस२ लोडर (डिस्कशिवाय गेम चालवणारा प्रोग्रॅम), आणि गेम पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्हवर मजा नाही आली कारण पीएस२ चं यूएसबी १.१ आहे, मधले व्हिडिओ बैलगाडीसारखे चालतात. स्लिमला मागे लॅनचं पोर्ट असतं, तिथून लॅपटॉपला वायर जोडली आणि विषय संपला. आता ड्राइव्हवर ४० एक गेम आहेत, नेटवरून उतरवलेले, खोटं कशाला बोलू.

माझं म्हणणं एवढंच. डब्ल्यूडब्ल्यूईचा हिअर कम्स द पेन २००३ चा, ईएचा क्रिकेट ०७ हा २००६ चा. दोन्ही आज कुठल्याच ऑनलाइन दुकानात विकायला नाहीत, आणि येणार पण नाहीत कारण पैलवानांची, बोर्डांची, गाण्यांची लायसन्स परत कोण काढत बसणार. मी पैसे घेऊन उभा आहे आणि समोर दुकानच नाही. मग चोरी कुणाची केली?

तर्कट_पुणेरी

दुकान बंद आहे म्हणून शटर वाकवून आत जायचं का? मालक विकत नाही हा त्याचा हक्क आहे, तुम्हाला नाही मिळालं तर नाही मिळालं. आमच्या इथे दुपारी १ ते ४ काहीच मिळत नाही, आम्ही जगतो की.

कोल्हापूरचा_रांगडा

वाट बघतच होतो पुणं कधी येतंय 😂 अहो दुपारचं शटर चारला उघडतं, हे कायमचं बंद झालंय. दुकान पण नाही, गल्ली पण नाही. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला होता, अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. ८७ टक्के भावा. आणि ती अमेरिका, आपलं तर सोडाच. नाद नाही करायचा मॉडवाल्यांचा, त्यांच्यामुळंच हे गेम जिवंत हायत.

तर्कट_पुणेरी

८७ टक्के मिळत नाहीत, मान्य. पण धागाकर्त्याच्या ड्राइव्हवरच्या ४० पैकी किती त्या ८७ टक्क्यांत बसतात? दोनच नावं दिलीत, दोन्ही सोयीची. उरलेले ३८ कुठले?

खेळगडी_८८

गॉड ऑफ वॉर, ब्लॅक, मोस्ट वॉन्टेड, सॅन आंद्रेआस, मेटल गिअर २ आणि ३, टेकन ५, बर्नआउट... सगळी यादी नको टाकायला लावू.

तर्कट_पुणेरी

सॅन आंद्रेआस. जो आजही विकला जातो. थँक यू, माझं झालं.

नागपुरी_संत्रा

काय झालं बे तुझं? जो आज विकला जाते तो जुना सॅन आंद्रेआस हाय का? २०२१ मंदी कंपनीनं जीटीएच्या तिन्ही जुन्या गेमची नवी आवृत्ती आणली तवा जुन्या आवृत्त्या दुकानातून काढून टाकल्या होत्या, लोकायनं बोंब मारली तवा पीसीवाल्या परत ठेवल्या. आन नवी कशी होती ते सगळ्यायले माहीत हाय, पाऊस पडला का समोरचं काहीच दिसे ना. रेडिओवरचे गाणे बी कमी केले. माह्या जुन्या डिस्कवर सगळे गाणे अजून जसेच्या तसे हायत. जुना गेम भेटत नाही तर माणूस काय करीन?

गेम_डेव्ह_दादा

मी या धंद्यात आहे म्हणून बोलतो, थोडं लांब होईल. मोठ्या कंपनीत नाही, आम्ही सहा जण होतो, मोबाइलवरचा छोटा गेम, पावणेदोन वर्षं घातली. ७९ रुपये किंमत. आला त्याच आठवड्यात फुकटचा एपीके (मोबाइलवर गेम टाकायची फाइल) फिरायला लागला आणि मला माझ्याच मावसभावाने पाठवला, "दादा तुझा गेम मस्त आहे रे" म्हणून. त्याला खरंच वाटलं मी खूश होईन.

आता मुद्दा. वीस वर्षं जुन्या गेमने कंपनी बुडत नाही, मला कळतं. त्या काळात पोरांनी जे केलं त्याबद्दल पण माझं काही म्हणणं नाही. मला खटकतं ते "मिळत नाही म्हणून" हे कारण. कारण जे मिळतं ते पण त्याच पेनड्राइव्हवर असतं, मिळणाऱ्यासाठी वेगळा नियम कुणीच ठेवत नाही. आणि बाजारात जाऊन बघा, हजारभर गेम भरून दिलेली मशीन्स विकायला बसलेत, त्यांना जतन वगैरे काही पडलेलं नाही, त्यांचा धंदा आहे. धागाकर्ता त्यातला नाही. पण कारण तेच सांगतोय.

इम्युलेटर_झिंदाबाद

मला एक कळत नाही एवढा उपद्व्याप कशाला, पीसीएसएक्स२ (पीसीवर पीएस२ ची नक्कल करणारा इम्युलेटर) टाका पीसीवर, चौपट रिझोल्युशन, कुठेही सेव्ह करा, लेन्स नाही वायर नाही मेमरी कार्ड नाही. मेलेल्या मशीनला कृत्रिम श्वास देऊन काय मिळतं लोकांना

खेळगडी_८८

भाऊ, पीएस२ च्या कंट्रोलरची बटणं किती जोरात दाबली ते ओळखतात हे माहितीये का. मेटल गिअर २ मध्ये चौकोन दाबून पिस्तूल रोखलं आणि आता गोळी झाडायची नाहीये, तर बोट हळूऽऽहळू उचलायचं, मग तो पिस्तूल खाली घेतो. पटकन सोडलं की ठो, गार्ड जागा, सगळं मुसळ केरात. आजच्या कंट्रोलरचं बटण एकतर दाबलेलं नाहीतर सोडलेलं, मधलं काही नाही. तू इम्युलेटरवर ते कसं करतोस सांग मला.

इम्युलेटर_झिंदाबाद

जुना कंट्रोलर ॲडॉप्टरने जोडता येतो की

खेळगडी_८८

म्हणजे परत वायर आलीच ना 😄

स्टुटगार्टचा_बाळ्या

विषय निघालाच आहे म्हणून. इकडे जर्मनीत ढिगाने जुन्या ओरिजनल डिस्क मिळतात, रविवारच्या जुन्या बाजारात २-३ युरोला, पण सगळ्या पालवाल्या (इकडच्या टीव्ही पद्धतीच्या). आणि पालचं दुखणं म्हणजे बरेचसे गेम ५० हर्ट्झवर (चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं), ६० साठी बनवलेला गेम नीट बदलून न घेता ५० वर चालवला की सहावा हिस्सा हळू पळतो, वर-खाली काळ्या पट्ट्या वेगळ्याच. भारतात पण टीव्ही पालचाच, म्हणजे लहानपणी आपण काही गेम हळूच खेळलो असणार आणि आपल्याला वाटायचं आपण लई भारी खेळतो. मॉड केलं की दुसऱ्या रिजनची पण डिस्क चालते. माझ्या मते मॉडचं सगळ्यात सरळ कारण हे आहे. मशीन माझं, डिस्क माझी, पैसे मोजलेत, आणि तरी मशीन म्हणतं तू चुकीच्या खंडात राहतोस.

आणि हो, फ्लॅट टीव्हीवर पीएस२ बघू नका, डोळ्यांना त्रास. भंगारवाल्याकडून डबा टीव्ही आणा.

काळा_कोट

कायद्याचं कुणीच बोलत नाहीये म्हणून दोन गोष्टी. फुकट सल्ला आहे, तेवढ्याच किमतीचा समजा.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एए). कॉम्प्युटर प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे तो खराब व्हायच्या, हरवायच्या भीतीने बॅकअप करू शकतो. गेम हा प्रोग्रॅम धरला तर इथपर्यंत धागाकर्त्याला वाव आहे. पण कलमात म्हटलंय की ती कॉपी "त्या प्रतीवरून" केलेली हवी. नेटवर कुणी अनोळखी माणसाने टाकलेली आयएसओ (अख्ख्या डिस्कची एक फाइल) ही तुमच्या डिस्कवरून केलेली कॉपी नाही, गेम तोच असला तरी.

दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीत ६५ए आलं. संरक्षणाचं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण तिथे शब्द आहेत हक्काचा भंग करण्याच्या हेतूने. म्हणजे नुसतं मॉड केलं म्हणून लगेच गुन्हा असं मला वाटत नाही, हेतू बघावा लागेल. बाळ्याच्या जुन्या बाजारातल्या डिस्कचा हेतू वेगळा आणि ४० गेम उतरवण्याचा वेगळा.

तर धागाकर्ते, सोपा उपाय सांगतो. पीएस२ ची डिस्क घरच्या पीसीच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येते. तुमच्या स्वतःच्या डिस्क आहेत ना? लेन्स मशीनची गेली आहे, डिस्क नाही गेल्या. त्यांच्यावरून आयएसओ काढा, तीच लॅनवरून चालवा. मग पुणेकर काहीच बोलू शकणार नाहीत.

तर्कट_पुणेरी

पुणेकर नेहमीच काहीतरी बोलू शकतात. पण हो, हे मला चालेल.

कोल्हापूरचा_रांगडा

एक मिनिट. खेळगडी भावा, डिस्कची खालची बाजू कुठल्या रंगाची हाय? चंदेरी का जांभळी? निळी असली तर घाबरू नको, जे गेम सीडीवर यायचे त्यांच्या ओरिजनल डिस्कचं बूड निळं असायचं. जांभळट असली तर मात्र...

(तासाभराने)

कोल्हापूरचा_रांगडा

खेळगडी? 👀

खेळगडी_८८

मोजल्या. १४ डिस्क आहेत. ११ जांभळ्या.

तर्कट_पुणेरी

🙏

खेळगडी_८८

हसू नका लेको. मला खरंच आठवत नव्हतं. मशीन घेतलं तेव्हा दुकानदारानेच विचारलं होतं चिप (कॉपी डिस्क चालवणारी) मारून देऊ का, बाबांना वाटलं स्टॅबिलायझरसारखं काहीतरी असेल, हो म्हणाले. मग स्टेशनबाहेर ८० रुपयाला डिस्क, प्लास्टिकच्या पिशवीत, वर कव्हरची रंगीत झेरॉक्स. ओरिजनलच्या एका डिस्कच्या पैशात महिन्याचं दूध यायचं आमच्याकडे. तो गेम असाच असतो असं मला वाटायचं, ओरिजनल नावाचं काही वेगळं असतं हे अकरावीत कळलं.

म्हणजे मी गेले दोन दिवस जी माझी जुनी डिस्क माझी जुनी डिस्क करतोय ती पण कॉपीच. लेन्स पण त्यांनीच गेली म्हणतात.

नागपुरी_संत्रा

अबे मंग काय झालं, आपल्या सगळ्यायचं तेच हाय. इथं ज्याची पयली डिस्क चंदेरी होती त्यानं हात वर करा. कोनीच नाही.

स्टुटगार्टचा_बाळ्या

✋ पण मी पहिली डिस्क घेतली तेव्हा माझं लग्न झालेलं होतं.

गेम_डेव्ह_दादा

माझी पण जांभळीच होती. त्याच डिस्कवरचा गेम बघून मी या धंद्यात आलो, हे पण खरंय आणि ७९ रुपयेवालं पण खरंय. मला दोन्हीचा मेळ अजून घालता आलेला नाही. मावसभावाला मी काहीच बोललो नव्हतो तेव्हा.

इम्युलेटर_झिंदाबाद

चर्चा भरकटली. मूळ प्रश्न इम्युलेटर का मॉड हा होता

तर्कट_पुणेरी

नव्हता.

काळा_कोट

खेळगडी, तीन चंदेरी आहेत ना? त्यांच्यापासून सुरू करा.

खेळगडी_८८

केलं. भावाच्या ऑफिसचा जुना लॅपटॉप डीव्हीडी ड्राइव्हवाला निघाला, त्यावर. क्रिकेट ०७ झाला (हो, हा चंदेरी आहे, मामाने दिलेला, दहावीच्या रिझल्टला), चालवला पण. भारताच्या टीमची नावं तशीच वाकडीतिकडी, लायसन्स फक्त इंग्लंड ऑस्ट्रेलियाचं होतं ना. ड्राइव्हवरचा सॅन आंद्रेआस उडवला, पुणेकर खूश व्हा. बाकीचं बघू, एकदम नाही होणार.

पण तिसरी डिस्क ९१ टक्क्यांवर अडकते. तीनदा केलं, दरवेळी तिथेच.

कोल्हापूरचा_रांगडा

कुठली?

खेळगडी_८८

हिअर कम्स द पेन.

तर्कट_पुणेरी

स्पीड कमी करा, ४ एक्सवर चालवून बघा. आणि पुसताना गोल गोल पुसू नका, मधून बाहेर सरळ पुसा. मऊ सुती कापड, बनियन चालेल, पण धुतलेला.