ऑनलाइन पोकर साइट कशी पारखायची? बोनस सोडून बोला

पाटणादेवी_पॅसेंजर:
राम राम मंडळी. मी चाळीसगावचा, सध्या नोकरीमुळे मँचेस्टरला आहे. लहानपणी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावात पत्त्यांचे फड बघत मोठा झालो, इथं ऑफिसच्या पोरांनी टेक्सास होल्डेम पोकरची गोडी लावली. आता घरी बसून ऑनलाइन खेळावं म्हणतो, महिन्याला चाळीस पौंड, त्याच्या वर नाही. पण साइटी ढीगभर, जो तो बोनस बोनस ओरडतो आणि ‘टॉप टेन’च्या याद्या बघाव्या तर दर यादीत पहिला नंबर वेगळाच. काय बघून ठरवू?

भुसावळ_जंक्शन:
भो तू तिकडं आहेस म्हणून बोलतो, इथं असतास तर एकच उत्तर होतं, नको. बाकी पोरं पण वाचून राह्यली म्हणून सांगतो, आपल्याकडं ऑगस्ट 2025 मध्ये जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम सगळेच बंद, डोक्याचा खेळ का नशिबाचा हा वादच ठेवला नाही. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद नि 1 कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण टेलिग्रामवर कोणी लिंक टाकली आणि पैसे अडकले तर तक्रार घेऊन जाशील कुठं?
तुझ्यासाठी पहिली पायरी म्हणजे ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचं लायसन. साइटच्या तळाशी नंबर असतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नको, कमिशनच्या वेबसाइटवर रजिस्टर आहे तिथं स्वतः टाकून बघ, कंपनीचं नाव नि साइटचा पत्ता दोन्ही जुळले पाहिजेत.

भरीत_पुरी:
हे ‘टॉप टेन’वाले बरेचसे कमिशनवर असतात रे, तू त्यांच्या लिंकवरून खातं उघडलं की त्यांना पैसे. म्हणून नंबर फिरतात.
आता मुद्द्याचं. रेक म्हणजे आपली नाल. आखाजीला जागावाला दर डावातून नाल काढतो ना, तेच. साधारण पॉटच्या, म्हणजे डावात जमलेल्या पैशाच्या, 5% च्या आसपास असते आणि वर कॅप असते, म्हणजे एका डावात अमुक रकमेच्या वर काढत नाहीत. सगळे 5% बघतात नि कॅप कोणी बघत नाही, तिथंच गोम आहे. आणि छोट्या टेबलावर कॅपपर्यंत पॉट जातच नाही, म्हणून चाळीस पौंडवाल्याला नाल सगळ्यात जास्त टोचते. 5-10 पेन्सच्या टेबलावर 2 पौंडाचा पॉट झाला की 10 पेन्स गेले, म्हणजे एक अख्खा बिग ब्लाइंड (डावाच्या आधी सक्तीनं लावायच्या दोन रकमांतली मोठी). टुर्नामेंटला फी वेगळी लिहितात, 10 अधिक 1 असं काही दिसलं की वरचा 1 साइटचा.
बोनस पण नालेतूनच सुटतो. समजा 100 पौंड बोनस आहे आणि दर 20 पौंड रेक भरला की 5 सुटतात, मुदत 60 दिवस. म्हणजे दोन महिन्यांत 400 पौंड नाल भरायची. तुझं महिन्याचं बजेट चाळीस! तुझ्या कामाचा नाही तो बोनस, सोडून दे.

केळीचा_घड:
मना बी अनुभव शे भो. कायद्याच्या आधी एका ॲपवर खेळायचो, पैसे टाकताना अर्धा मिनिट, काढताना केवायसी, मग पॅनवरचं नि बँकेतलं नाव जुळत नाही, मग आधारचा फोटो अंधुक, असं करत दीड महिना गेला आणि तोवर मी त्यातले अर्धे परत लावून हरलो होतो. तेव्हापासून माझा नियम, केवायसी आधी, मग कमीत कमी रक्कम टाकायची, दोन दिवस खेळायचं आणि थोडे तरी पैसे काढून बघायचे. काढायला किती दिवस लागले तोच खरा रिव्ह्यू.

तापीकाठची:
केळीदादा बरोबर, पण साइटच बुडाली तर? 15 एप्रिल 2011 ला अमेरिकेनं मोठ्या पोकर साइटी बंद पाडल्या तेव्हा कळलं की त्यातल्या फुल टिल्ट साइटनं खेळणाऱ्यांचे पैसे वेगळे ठेवलेच नव्हते. तिथल्या लोकांना परत मिळायला 2014 उजाडलं. ब्रिटनमध्ये कंपनीनं हे अटींमध्ये लिहायचं असतं, कंपनी बुडाली तर तुमच्या पैशाला संरक्षण नाही, मध्यम आहे का उच्च आहे. तीनच शब्द आहेत, शोधून वाच.
आणि रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला, समोरच्याचं जमलं की ‘साइट फिक्स आहे’ म्हणणारे भेटतीलच. अरे एक्क्यांची जोडी 221 डावांत सरासरी एकदा येते, समोर राजांची जोडी असली तरी पाचात एकदा हरते. ऑनलाइन डाव भराभर होतात म्हणून जास्त डोळ्यात येतं, बाकी काही नाही. पण आंधळा विश्वास पण नको. अल्टिमेटबेट नावाच्या साइटवर आतल्याच लोकांच्या खात्यातून दुसऱ्यांचे पत्ते दिसत होते, आणि ते पकडलं खेळणाऱ्यांनीच, जुन्या डावांचे रेकॉर्ड तपासून. म्हणून हँड हिस्टरी डाउनलोड करू देते का हे मी लायसननंतर लगेच बघते. पत्ते पिसायचा प्रोग्राम बाहेरच्या लॅबनं तपासलाय का ते पण.

भरीत_पुरी:
ताईंनी माझा पुढचा मेसेजच खाल्ला 😄 एक राहिलं, गर्दी. तू रात्री ज्या वेळेला खेळणार त्याच वेळेला लॉगिन करून तुझ्या रकमेची किती टेबलं भरलीत ते मोज. चारच टेबलं असली तर तिथं रोजचे मुरलेले बसलेले असतात. आणि वेगळं नाव म्हणजे वेगळी गर्दी असं नाही, प्लेटेक कंपनीच्या आयपोकर नेटवर्कवर बऱ्याच ब्रँडची माणसं त्याच टेबलांवर येतात. तिथं मग नाल परत किती देतात नि पैसे किती लवकर सोडतात एवढंच बघायचं.

पाटणादेवी_पॅसेंजर:
सगळ्यांचे आभार, काल रात्री बसून तीन साइटी चाळल्या. एकीच्या अटींमध्ये चक्क ‘संरक्षण नाही’, कटाप. दुसरीवर माझ्या रकमेची सहा टेबलं. तिसरीवर बरी गर्दी आहे, डिपॉझिट लिमिट महिन्याला 40 लावून टाकलं. पण क्रेडिट कार्ड घेतच नाहीये, काबरं? साइटमध्ये काही घोळ?

भुसावळ_जंक्शन:
घोळ नाही भो, तिथं एप्रिल 2020 पासून जुगाराला क्रेडिट कार्ड बंद आहे. डेबिट वापर. तिकडची कोणती साइट क्रेडिट कार्ड घेताना दिसली तर तिचं लायसन परत तपास.