सगळे एमसीबी बंद, तरी आरसीसीबी पडतो
सगळे एमसीबी (प्रत्येक सर्किटचे छोटे ब्रेकर) बंद असतानाही आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) अधूनमधून ट्रिप होतो म्हणजे तोच खराब, असं लगेच ठरवू नका. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज (वीज आणणारी वायर) तोडतो, न्यूट्रल (परतीची वायर) जोडलेलाच राहतो. हा न्यूट्रल कुठे अर्थिंगला टेकला असेल, तर न्यूट्रलवरचा एखाद-दुसरा व्होल्टही 30 मिलिअँपिअर, म्हणजे घरगुती आरसीसीबी पडण्याइतका करंट, अर्थकडे वळवायला पुरतो. आणि हा व्होल्टेज बाहेरच्या लाइनवरच्या लोडप्रमाणे बदलतो, म्हणून वेळ ठरलेली नसते.

मेन बंद करून सगळे प्लग काढा. वायरमनकडून न्यूट्रल बारमधली एकेक वायर सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) अर्थशी मोजून घ्या. 1 मेगाओहमच्या खाली आलं, तर दोष तिथेच. साध्या मल्टिमीटरवर ओलाव्याचा लीकेज दिसेलच असं नाही. बाहेरच्या दिव्यांचे जंक्शन बॉक्स आधी उघडा. आरसीसीबी बायपास मात्र अजिबात करू नका!