घरातल्या मुख्य खोलीला ‘हॉल’ म्हणावे की ‘बैठक’?

लातूर, धागा मांडणारा :
नव्या घराचा नकाशा हाती आला, तेव्हा वडिलांनी त्यावरून बोट फिरवत विचारले, “बैठक कुठं काढली?” नकाशावर ‘हॉल’ होता, पण त्यांच्या लेखी ते उत्तर नव्हते. आपण हॉल, ड्रॉइंग रूम आणि लिव्हिंग रूम हे शब्द एकाच खोलीसाठी वापरतो. इंग्रजीत मात्र त्यांची घराणी वेगळी आहेत. ड्रॉइंग रूमचा चित्रकलेशी काही संबंध नाही. ‘विथड्रॉइंग रूम’ या शब्दाचे ते आखूड रूप असून मोठ्या दालनातील वर्दळीतून उठून निवांत बसण्याची खोली, असा त्याचा मूळ अर्थ आहे. आजच्या ब्रिटनमध्ये दारातून आत आल्यावर लागणाऱ्या वाटेला हॉल म्हणतात, त्यामुळे ‘या, हॉलमध्ये बसा’ हे आपले वाक्य तेथील माणसाला चमत्कारिक वाटेल. जो शब्द त्या भाषेतही या खोलीचा नाही, तो आपण का वाहावा? ‘बैठक’ म्हटले की गादी, लोड, पाण्याचा तांब्या आणि आल्यागेल्याची विचारपूस डोळ्यांसमोर येते. बोलताना आणि नकाशा काढतानाही हाच शब्द वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

औसा तालुका, बांधकाम व्यावसायिक :
मला हे पटत नाही, कारण आधी खोली बदलते आणि मग तिचे नाव बदलते. आपल्याकडे घर खणांवर मोजत, वर पांढऱ्या मातीचे माळवद म्हणजे सपाट छप्पर असे, दाराशी ढाळज म्हणजे बसायची आच्छादित जागा असे आणि गावातील कितीतरी व्यवहार त्या ढाळजेतच होत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. त्यानंतर ‘ढाळजेचे घर बांधून द्या’ म्हणणारा एकही माणूस माझ्याकडे आलेला नाही. आज प्लॉटवर जी पुढची खोली निघते तिला रस्त्याकडे खिडकी असते, एका भिंतीला टीव्ही आणि समोर सोफा असतो. ती ढाळज नाही, ओसरी नाही आणि तुमच्या वडिलांची बैठकही नाही. गवंड्यापासून बँकेच्या माणसापर्यंत सर्वांना हॉल कळतो, ‘बीएचके’मधला ‘एच’ही तोच आहे. आणि परकेपणाचाच मुद्दा असेल, तर दिवाणखाना फारसीतून आणि खुर्ची अरबीतून आली आहे.

लातूर :
परकेपणाचा मुद्दा मी मांडलेला नाही. नेमकेपणाचा मांडला आहे. शिवाय बैठक हा शब्द मेलेला नाही. सोयरीक जुळवताना आजही ‘बैठक’च होते आणि लग्नाची यादी तेथेच ठरते. माणसे हॉलमध्ये बसतात आणि बैठक करतात; म्हणजे कामाला नाव राहिले आणि खोलीचे तेवढे गेले.

अंबाजोगाई, निवृत्त शिक्षिका :
दादा, त्याच बैठकीविषयी मला बोलायचे आहे. माझ्या माहेरच्या वाड्यात बैठक होती आणि मी मोठी होऊ लागल्यावर तेथे बसणे बंद झाले. चहा करायचा, कडी वाजवायची, ट्रे उंबऱ्याशी ठेवून मागे फिरायचे. आई आणि आजी कायम माजघरात. माझी सोयरीक ज्या बैठकीत ठरली, त्यात मी पाटावर जेमतेम पंधरा मिनिटे होते आणि पुढचे सगळे बोलणे दाराआडून ऐकले. लग्नानंतर दोन खोल्यांच्या घरात आलो, तेव्हा पुढच्या खोलीला हॉल म्हणत असू. त्या हॉलमध्ये मी वह्या तपासल्या, पाहुण्यांशी समोर बसून बोलले, मैत्रिणींना बोलावले. तुम्हाला बैठक म्हटल्यावर लोड आणि तांब्या आठवतो. मला ती कडी आठवते.

परभणी, इंग्रजी शिकवणारा :
ताईंच्या म्हणण्याला खुद्द हॉल या शब्दाचा इतिहास पाठिंबा देतो. मध्ययुगीन इंग्लंडमधील हॉल ही घराची मुख्य खोली होती. मधोमध जाळ पेटलेला असे, धनी आणि चाकर तेथेच जेवत आणि बरेच जण तेथेच झोपत. पुढे धनी लोक स्वतःच्या खोल्यांत सरकले, त्यातूनच विथड्रॉइंग रूम आली आणि हॉल आकसत दारातील वाटेपुरता उरला. रात्री पाहुण्यांसाठी गाद्या घातल्या जातात आणि सकाळी मुले अभ्यासाला बसतात, तो आपला हॉल आजच्या ब्रिटिश हॉलपेक्षा त्या जुन्या हॉलच्या अधिक जवळचा आहे. त्यामुळे हा शब्द इंग्रजीतही या खोलीचा नाही, हे धागाकर्त्यांचे विधान दुरुस्त करावे लागेल. ड्रॉइंग रूम मात्र सोडलेली बरी. जेथे सारे घर राहते, त्या खोलीला सर्वांपासून दूर होण्याच्या खोलीचे नाव शोभत नाही.

लातूर :
दुरुस्ती मान्य. ताई, तुमचा प्रतिसाद मी घरात वाचून दाखवला. वडील काही बोलले नाहीत, पण आई बराच वेळ बोलली. नकाशावर मी ‘बैठक’ लिहून घेतले आहे आणि तिच्यात व स्वयंपाकघरात असलेली भिंत कमरेइतकीच ठेवायला सांगितली आहे.

अंबाजोगाई :
भिंतीचा निर्णय फार आवडला. शब्दाबद्दल माझी हरकत अजून गेलेली नाही. घर झाल्यावर आईंना त्या खोलीला काय म्हणायचे आहे, ते एकदा विचारा.