पॉइंट टू-टू रायफल: जुनी मिळतीय ती घेऊ का नवीनसाठी थांबू? (सांगली)

मिरजवाला
नमस्कार मंडळी, राहायला सांगली, नोकरी मिरजेत. एअर रायफल बरीच मारून झाली, आता पॉइंट टू-टू (०.२२ इंची) घेऊन पन्नास मीटरला यायचंय, आधी प्रोन (पालथं पडून मारायचं) आणि जमलं तर थ्री पोझिशन (प्रोन, नीलिंग म्हणजे गुडघ्यावर बसून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून). लायसनचा अर्ज कलेक्टर ऑफिसला दिलाय, पोलीस व्हेरिफिकेशन व्हायचंय, तोवर डोक्यात नुसती रायफलच फिरतीय. एका सिनियरची अ‍ॅन्शुट्झ १९०३ मिळतीय (हे मॉडेल आहे हो, साल नव्हे), लाकडी स्टॉक, बॅरलमधनं किती राउंड गेलेत ते त्यालाच सांगता येईना. नाहीतर थांबून पैसे साठवायचे आणि त्याच कंपनीची नवीन १९०७ किंवा १९१३ घ्यायची, नाहीतर वॉल्थरची केके ५००. आमचा साताऱ्याचा मामा म्हणतो सीझेड ४५७ घे, वर दुर्बीण लाव, रुपयाएवढ्या जागेत पाच गोळ्या घालशील, कशाला एवढा खर्च. घरात विचारलं तर पहिला प्रश्न, ती आणून करणार काय. कुणीतरी नीट सांगा राव.

अजिंक्यतारा५०
मामा खोटं बोलत नाहीत, सीझेड चांगली मारते, पण तुमचा खेळ वेगळा आहे. आयएसएसएफच्या (नेमबाजीची जागतिक संघटना) मॅचला दुर्बीण चालत नाही, मागं पीप साइट (बारीक भोकाची) आणि पुढं ग्लोबमधली, म्हणजे छोट्या नळीतली, रिंग, एवढ्यावरच मारायचं. दुर्बीण टेबलावर रायफल टेकवून मारणाऱ्या बेंचरेस्टवाल्यांसाठी ठीक. पन्नास मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटर लांब, त्यामुळं रायफल चांगली लागते हे खरं. पण १९०३ ची ६४ अ‍ॅक्शन (काडतूस भरायची-उडवायची यंत्रणा) प्रोनला दहा पाडायला कमी पडत नाही हो. फरक आहे तो ट्रिगरचा आणि स्टॉक किती हलवता येतो त्याचा. प्रोनला बट प्लेट (खांद्याला टेकते ती) एका जागी, नीलिंगला दुसरीकडं, स्टँडिंगला तिसरीकडं, चीकपीसचंही (गाल टेकतो तो भाग) तसंच. तिन्ही पोझिशन मनापासून करायच्या असतील तर १९१३ सारखा सगळा अ‍ॅडजस्ट होणारा स्टॉक लागतो, नुसत्या प्रोनला नाही लागत.

आणि वजनाचं ऐका. नियमात ८ किलोपर्यंत चालते म्हणून लोक वजनं लावत सुटतात आणि स्टँडिंगला कंबर धरते. माझ्या मते रायफल घेताना एकच बघा: आडवं पडून, डोळे मिटून गाल टेकवायचा आणि मग डोळा उघडायचा. पीपच्या बरोबर मधोमध दिसलं तर ती तुमची. मान ताणावी लागली आणि अ‍ॅडजस्ट करायलाही जागा नसली तर सोडून द्या, मग ती कुणाची का असेना.

लॉट_नंबर_बघा
सगळे रायफलवरच बोलणार, काडतुसावर कुणीच नाही! टू-टूचं काडतूस रिमफायर, त्यात पेटणारा मसाला केसच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळं मोठ्या रायफलवाले घरी काडतूस भरतात तसं इथं करता येत नाही, फॅक्टरीतनं आलं तेच मारायचं. म्हणून लॉट टेस्टिंग, म्हणजे एकेका खेपेत बनलेली काडतुसं आपल्या बॅरलमधनं मारून बघायची. टेनेक्स घ्या, लापुआ सेंटर-एक्स घ्या, आरडब्ल्यूएस आर ५० घ्या, एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधनं दोन तऱ्हेचे ग्रुप (कागदावर गोळ्या किती जवळजवळ पडतात ते) देतात. महाग लॉट तुमच्या बॅरलला आवडेलच असं नाही. जो आवडला तो परवडेल तेवढा एकदम घेऊन ठेवायचा.

फास्ट हाय व्हेलॉसिटी काडतुसाच्या मोहात पडू नका. मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेली असते, सेकंदाला ३२०-३३० मीटर. फास्टवाली आवाजापेक्षा जोरात निघते आणि वाटेत त्या वेगाखाली येताना हलते, तिथं ग्रुप फुटतो. अजून एक, लॉट बदलला की पहिल्या काही गोळ्या इकडं तिकडं जातात, बॅरलमध्ये नव्या गोळीचं ग्रीस बसायला वेळ लागतो. त्या गोळ्या बघून साइट फिरवत बसू नका.

जुना_एनसीसीवाला
आमच्या वेळी एनसीसीत टू-टू घेऊन २५ यार्डावर पालथं पडायचं, उस्ताद म्हणायचा पहिलं ग्रुपिंग आणा, मध्ये नंतर आणू. मला अजून तेच बरोबर वाटतं. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातलीच दोन माणसं बघा ना, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकला पन्नास मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन आणि कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला थ्री पोझिशनचं ब्राँझ, फायनलला ४५१.४ गुण. मशीन भारी होतंच, पण नुसत्या मशीननं हे होत नसतं. आणि भावा, प्रोन २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधनं गेली, तेव्हा थ्री पोझिशनचा विचार आत्तापासनंच कर. आता तिन्हीत २०-२० गोळ्या, नीलिंग, प्रोन, स्टँडिंग या क्रमानं.

मिरजवाला
लय उपयोग झाला, धन्यवाद. दोन शंका. जुन्या बॅरलचं नेमकं बघायचं काय? आणि एअर रायफलला हॉलमध्ये मारायची सवय, उघड्यावर वाऱ्याचं कसं करायचं?

अजिंक्यतारा५०
शिशाची मऊ गोळी असते, बॅरल लवकर झिजत नाही, राउंड किती गेले हा प्रश्न त्यामुळं दुय्यम आहे. चेंबरची, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेची, कड बघा, कुणी रिकामी रायफल खटाखट चालवली असेल तर फायरिंग पिन कडेला आपटून तिथं खोच पडते आणि काडतूस बसायला त्रास देतं. चेंबरच्या पुढं कार्बनचा कडक थर आहे का बघा. तोंडाची कड, म्हणजे क्राउन, मार लागलेली नसावी. बाकी खरी परीक्षा कागदावरच, पैसे द्यायच्या आधी तीन-चार लॉटचे ग्रुप काढा.

वाऱ्याचं माझ्यासारख्या साताऱ्यातल्या माणसाला विचारलंत हे बरं केलंत, चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा असला तर मॅचची गोळी पन्नास मीटरवर इंचभर तरी सरकते, म्हणजे मधोमध धरलेली गोळी सातला जाऊन बसते. शिवाय नुसती आडवी सरकत नाही. बॅरलच्या आतला पीळ उजवा असला की उजवीकडनं वारा आल्यावर गोळी डावीकडं आणि जराशी वर जाते, डावीकडनं आला की उजवीकडं आणि जराशी खाली. दर गोळीला साइटचे क्लिक फिरवण्यापेक्षा जो वारा जास्त वेळ टिकतो त्यावर साइट लावा आणि तोच वारा परत येईपर्यंत थांबा. नवीन पोरं इथंच घाई करतात. वाऱ्याचा झेंडा खाली पडला की लगेच ट्रिगर.

कृष्णाकाठची
एक मीही सांगते. पुढची रिंग टार्गेटच्या काळ्यावर येत नसेल तर हातानं रायफल ढकलू नका दादा. डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे, उघडायचे, बाजूला दिसली तर डाव्या कोपराभोवती अख्खं अंग फिरवायचं. ढकलून धरलेली रायफल गोळी सुटताना आपल्या जागी परत जाते आणि आपण काडतुसाला नावं ठेवतो. आणि लायसन हातात येईपर्यंत त्या सिनियरची रायफल घरी आणू नका हं, एक दिवससुद्धा नाही. त्यांच्या समोर, रेंजवरच मारा.

मिरजवाला
नाही ताई, रायफल त्यांच्याकडंच. पुण्याच्या बालेवाडी रेंजला जायचं ठरवलंय त्यांच्यासोबत, तिथंच लॉट मारून बघतो. मामालाही न्यावं म्हणतो, पीपमधनं बघू दे एकदा. कुणाकडं जुनी स्लिंग (रायफल हाताला बांधायचा पट्टा) आणि मीडियम साइजचा ग्लोव्ह पडून असला तर सांगा, नवीन लगेच नको.