वय २९, नेटवर्किंगची नोकरी. आता वर्दी का सायबर? सल्ला द्या

उदगीरचा_वायरवाला:
नमस्कार मंडळी, लई दिवसापासून नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारू लालोय. वय २९, बीएस्सी कॉम्प्युटर, लग्न झालंय, एक पोरगी हाय. सहा वर्षं एका ब्रॉडबँडवाल्याकडं काम करतोय, फायबर जोडण्यापासून राउटर, स्विच सगळं, रात्री दोनला लिंक डाऊन झाली की फोन मलाच. पगार २२ हजार, तो बी कधी दहाला कधी वीसला. फौजेचं वेड लहानपणापासूनचं. दोनदा भरतीला गेलो, १६०० मीटर दोन्ही टायमाला निघालं पण छाती फुगवून ८१ भरली, ८२ पाहिजे होती, टेप धरणाऱ्या हवालदारानं बिचाऱ्यानं परत मोजलं बी. आता डोक्यात टेरिटोरियल आर्मी हाय, नाहीतर सायबर सिक्युरिटी. एक क्लासवाला सव्वा लाख मागतोय, म्हणतोय नोकरी शंभर टक्के. इथली सोडून जावं का? घरचे म्हणतेत येड लागलंय.

निवृत्त_सुभेदार_बीड:
बेटा, अग्निवीर अन् सीडीएस (अधिकारी व्हायची परीक्षा) दोन्ही वयानं गेले, त्यांचं नाव काढू नको. टीएत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत, अधिकारी व्हायला ४२ पर्यंत चालतं, पदवी लागते, लग्नाची आडकाठी नाही, लेखी परीक्षा अन् मग एसएसबी, म्हणजे फौजेची निवड मुलाखत. पण जाहिरात कुणी धड वाचत नाही. तुझं स्वतःचं कमाईचं साधन असलं पाहिजे ही त्यांची अट आहे! वर्षाकाठी साधारण दोन महिने ट्रेनिंग, गरज पडली तर जास्त दिवस बोलावतात, पगार वर्दीतल्या दिवसांचाच. म्हणजे नोकरी सोडून टीएचा फॉर्म भरायला निघालास तर पहिल्याच अटीत अडकशील. अन् एसएसबी पाच दिवसांची, तिथं पोरं छातीत नाही, बोलण्यात मार खातात. आतापासून चारचौघांत तोंड उघडायची सवय लाव.

रात्रपाळी:
मी मूळचा औशाचा, पुण्यात एका सॉकमध्ये आहे, म्हणजे कंपन्यांच्या नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवायचं काम. त्या क्लासला एक रुपया देऊ नको. शंभर टक्के म्हणणाऱ्याकडं लेखी माग, मग बघ कसा फोन उचलायचा बंद होतोय. परवा रात्री तीनला अलर्ट आला, एका क्लार्कचं लॉगिन जालन्याहून अन् दहा मिनिटांनी तेच लॉगिन परदेशातून, शोधलं तर गड्यानं मोबाइलवर फुकटचं व्हीपीएन टाकलेलं, त्यानं जागा परदेशातली दिसत होती. चाळीसातले अडतीस अलर्ट असलेच असतात, ते चाळायला लॉग, म्हणजे मशीननं ठेवलेली नोंद, वाचता यावा लागतो. आमच्याकडं सर्टिफिकेटवाली पोरं येतात अन् ३३८९ पोर्ट कशाचा विचारलं की छताकडं बघतात. दुरून विंडोज कॉम्प्युटर चालवायचा तो, तुला ते झोपेत येत असंल. सर्ट-इननं (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ मध्ये नियमच काढला, सायबर हल्ल्याची घटना ६ तासांत कळवायची अन् लॉग १८० दिवस जपायचे, म्हणून रात्रीची माणसं लागतातच. लिनक्स पक्कं कर, वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा बघायचं सॉफ्टवेअर) चालव, ट्रायहॅकमी या सरावाच्या वेबसाइटवर रोज तासभर बस. कोर्सच करायचा तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा डिटिस, म्हणजे सायबर सुरक्षेचा डिप्लोमा, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन. पण तो सहा महिने फुल टाइम, घर कोण चालवणार ते आधी ठरव.

कोरडवाहू:
@रात्रपाळी पगार सांगा की राव, बाकीचं सगळं सांगितलं.

रात्रपाळी:
सुरुवातीला त्याच्या २२ पेक्षा लई वर नाही, त्यात पुण्यातलं भाडं. दोन वर्षांनी कंपनी बदलली की मग फरक पडतो. रात्रपाळीनं पित्त होतं ते वेगळं.

नांदेडची_ऑडिटवाली:
पुणे पुणे कामून करताय सगळे? आरबीआयनं २०१९ च्या शेवटी नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेचे नियम लावले, चार लेव्हल पाडून. आपल्याकडं अशा बँका काय कमी आहेत का. मी ऑडिटला जाते तर एका ठिकाणी सर्व्हरच्या कपाटाला आतून पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली, वर हळदीकुंकू. फायरवॉलला, म्हणजे नेटवर्कच्या राखणदाराला, हात लावणारा माणूस तालुक्याला सापडत नाही, बाहेरून बोलवावा लागतो. दादा, आहे ती नोकरी धरून फायरवॉल शिका अन् जवळच्या एखाद्या बँकेत विचारून बघा. कमाईचं साधन सुटलं नाही तर सुभेदार काकांचा टीए पण हातात राहतोय.

उदगीरचा_वायरवाला:
लई लई आभार सगळ्यांचे. क्लासवाल्याला आत्ताच ‘नको’ म्हणून कळवलं, तर लगेच वीस हजार कमी केले त्यानं. एकच विचारतो, लॅपटॉप जुना हाय, ८ जीबी रॅम, काली लिनक्स (सायबरच्या सरावाचं लिनक्स) व्हीएममध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच, चालंल का?

रात्रपाळी:
चालतंय. फक्त ब्राउझर बंद ठेव.